लाइव्ह रॉकवर पॉलिप पसरलेत, दगड काढून उकळून घेऊ का?

खारंपाणी_पर्वरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलांचा) 36 × 18 × 18 इंचांचा, सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण 170 लिटर, चालू होऊन चौदा महिने झाले. क्षारता 35 पीपीटी, तापमान 26.5, केएच (कार्बोनेट कठीणता) 8.2, कॅल्शियम 420, नायट्रेट 25, फॉस्फेट 0.18. मासे: दोन क्लाउन, एक सिक्सलाइन रास. एक क्लीनर कोळंबी. कोरलांमध्ये लेदर, मशरूम, थोडे झोआ आणि जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). हार्ड कोरल नाही.

लाइव्ह रॉकवर, म्हणजे टँकमधल्या जिवाणू वसलेल्या दगडांवर, तीन प्रकारचे पॉलिप (चिकटून राहणारे फुलासारखे जीव) हाताबाहेर गेलेत.

पहिला: तपकिरी, काचेसारखा आरपार दिसणारा, लांब बारीक हातांचा. दगडांच्या मागे आणि ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरतं त्या जागेच्या) जाळीत मिळून चाळीसेक असतील. बोट नेलं की क्षणात भोकात गडप होतात.

दुसरा: जीएसपी. एका छोट्या फ्रॅगपासून (कोरलच्या तुकड्यापासून) सुरुवात झाली, आता जांभळी साल दोन दगडांवर चढली आहे आणि लेदरच्या बुडापासून दोन बोटं लांब आहे.

तिसरा: मधल्या दगडावर बटणासारखे गोल, राखाडी-तपकिरी, दीड-दोन सेंटिमीटरचे, सगळे एकाच जाड सालीवर उगवलेले. हे विकत घेतलेले नाहीत, दगडाबरोबर आले.

तिन्ही दगड बाहेर काढून मोठ्या टोपात अर्धा तास उकळायचे, थंड करून परत ठेवायचे, असा विचार आहे. एकाने चुना टोचायला सांगितलंय, दुकानात पेपरमिंट कोळंबी घ्या म्हणाले. आधी काय करू?

मांडवीकाठ

उकळू नका. बाकी काहीही ठरवायच्या आधी हे पक्कं करा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही घरी नसताना कोणी मदत म्हणून टोप चुलीवर ठेवणार नाही.

तिसरा प्रकार वर्णनावरून पॅलिथोआ वाटतो. पॅलिथोआच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. समुद्रातून मिळालेल्या विषांपैकी हे अत्यंत जहाल. 1971 साली हवाईतल्या पॅलिथोआमधून मूर आणि शॉयर यांनी ते वेगळं काढलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. हे विष त्या पंपालाच धरतं आणि त्याची उघडी नळी करून टाकतं, आत-बाहेरचा तोल कोसळतो. म्हणून स्नायू, हृदय, फुप्फुस, डोळे असं सगळीकडे लागतं. उतारा म्हणून औषध नाही, रुग्णालयात लक्षणांवर उपचार करतात, श्वासाला आधार देतात.

उकळण्यात घोळ असा की उष्णतेने हे विष मोडत नाही. उकळत्या पाण्याचे बारीक तुषार वाफेबरोबर उडतात आणि त्यांच्याबरोबर विष नाकातोंडात जातं. पावसाळ्यात आपल्याकडे खिडक्या बंद, वर पंखा चालू, म्हणजे एका खोलीतलं घरभर. अलास्कात 2012 ते 2014 या काळात दुकानांत आणि घरांत झोआंथिड (झोआ आणि पॅलिथोआ यांचं कुळ) हाताळताना माणसं आजारी पडली, त्याची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2015 मध्ये छापली. 2018 मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या एका घरात टँकमधला दगड साफ करताना कुटुंब आणि मदतीला आलेले अग्निशमन कर्मचारीसुद्धा रुग्णालयात गेले.

सगळ्याच पॅलिथोआत सारखं विष नसतं, काहींत जवळजवळ नसतंच. पण रंग किंवा आकार बघून ते ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक बटण विषारी धरून चालायचं. झोआ दिसायला रंगीत आणि छोटे असले तरी हात लावताना हाच नियम.

उकळण्याबरोबर हेही नको: गरम पाणी ओतणं, मायक्रोवेव्ह, ब्रशने घासणं, प्रेशरने धुणं, वाळलेला दगड खरवडणं. वाळल्यावर विष जात नाही, उलट धूळ होऊन उडतं.

तोंडात धातूसारखी कडवट चव, खोकला, दम लागणं, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, डोळ्यांत आग, ही लक्षणं काही मिनिटांपासून काही तासांत येतात. सर्दी समजून थांबू नका. खोली सोडा, सगळ्यांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा, 108 ला फोन करा, आणि बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) किंवा जवळच्या रुग्णालयात पोचल्यावर “झोआंथिड कोरल, पॅलिटॉक्सिन” हे दोन शब्द स्पष्ट सांगा. नाहीतर डॉक्टरांनी हे ओळखावं कसं? डोळ्यात पाणी उडालं तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान 15 मिनिटं धरा आणि मग लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

ती बटणं काढायची रीत वेगळी लिहितो, आधी बाकीच्यांना बोलू द्या.

रीफ_फोंडा

मांडवीकाठशी पूर्ण सहमत. पहिल्या प्रकाराचं मी सांगतो.

वर्णन एप्टेशियाचं, म्हणजे एका उपद्रवी समुद्रफुलाचं आहे. खात्रीसाठी हातांची टोकं बघा. लांब, निमुळती, टोकदार असतील तर एप्टेशिया. आखूड आणि टोकाला फुगीर, हिरवट किंवा गुलाबी झाक असेल तर मजानो, तेही उपद्रवी समुद्रफूलच. मजानोला एप्टेशिया खाणारे बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत, त्याला इंजेक्शनच.

एप्टेशियाला चिमट्याने ओढणं किंवा ब्लेडने कापणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तो सरकताना पायाच्या तळव्याचे कण मागे सोडतो आणि प्रत्येक कणाचं नवं समुद्रफूल होतं. ओढून काढलेल्या एकाच्या जागी तीन आठवड्यांनी पाच-सहा दिसतात ते यामुळे.

चाळीस म्हणजे अजून आवाक्यात आहेत. मोठ्यांना सुईने मारायचं आणि लहानांवर खाणारा प्राणी सोडायचा, दोन्ही बाजूंनी. नुसती सुई घेतली तर मागच्या भोकांतले सुटतात, नुसती कोळंबी सोडली तर ती मोठ्यांना घाबरते.

सुईची पद्धत:

1. सकाळी दिवे लागायच्या आधी करा. तेव्हा टँकचा पीएच दिवसभरातला सर्वांत कमी असतो, चुन्याने तो वर गेला तरी जागा राहते.
2. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर टाकणारा) बंद. पाणी पूर्ण शांत व्हायला पाच मिनिटं द्या.
3. 1 मिलीची सिरिंज, सुई जाड, 18 गेजची. बारीक सुईत चुना अडकतो, मग जोर लावला की एकदम पिचकारी उडते. टँक खोल असेल तर सिरिंजला हवेच्या पंपाची कडक नळी जोडा.
4. वरून सावकाश जा. बाजूने गेलात किंवा सावली पडली की तो आत जातो आणि तुमचा डोस भोकाच्या तोंडावर वाया जातो.
5. सुईचं टोक तोंडाच्या चकतीपासून दोन-तीन मिलिमीटर वर धरा आणि थेंब सोडा. त्याला ते खाणं वाटतं, तो स्वतः ओढून घेतो. मग उरलेला डोस भोकावर टोपीसारखा बसवा. एकाला 0.2 ते 0.4 मिली पुरतं.
6. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पांढरा राहिलेला गाळ बारीक नळीने ओढून घ्या, मग पंप चालू.

पंप चालू करायला विसरू नका. चमत्कारिक वाटेल, पण सुईच्या नादात दोन तास पंप बंद राहून मासे वर तोंड काढतात, हे या कामातलं नेहमीचं नुकसान. मोबाइलवर 20 मिनिटांचा गजर लावून मगच सिरिंज हातात घ्या.

लेदरजवळच्या एप्टेशियाला चुना नको, कण उडाला की लेदरची त्वचा जळते. तो भोकात गेला की त्यावर सायनोअ‍ॅक्रिलेटचा जेल किंवा रीफसाठीची एपॉक्सी दाबून भोक बंद करा. कडेने फट राहिली तर तो तिथून डोकं काढतो, म्हणून भोकापेक्षा सेंटिमीटरभर मोठं झाकण हवं.

ओव्हरफ्लोची जाळी मात्र काढून बाहेर गोड्या पाण्यात दिवसभर बुडवा, तिथे सुई चालवत बसू नका.

खारंपाणी_पर्वरी

उकळणं रद्द. धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

तीन शंका. पानाला लावायचा चुना चालेल का, की भिंतीचा? दुकानातल्या ज्या कोळंबीचा फोटो आला ती लालभडक, पाठीवर कुबड, पांढऱ्या रेघा आणि ठिपके, डोळे मोठे. हीच पेपरमिंट का? आणि बर्गिया नावाची गोगलगाय फक्त एप्टेशिया खाते म्हणतात, ती मागवू का?

केएच_वास्को

चुन्याचं.

आपल्याला हवा तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, शुद्ध आणि कोरडी पूड. काल्कवासर म्हणून मिळतो तो हाच. खायचा चुनासुद्धा मुळात तेच रसायन, पण डबीतला ओला चुना किती पाण्याचा, त्यात आणखी काय मिसळलंय, हे डबीवर लिहिलेलं नसतं. मोजूनमापून डोस द्यायचा तर सुरुवातच अंदाजाने का करायची? भिंतीचा चुना तर अजिबात नको. त्यात न भाजलेले खडे, मॅग्नेशियम, कधी नीळ आणि डिंक. आपल्याकडचा शिंपल्यांचा चुनाही त्याच कारणाने नको: नीट न विरलेला कळीचा चुना राहिला असेल तर पाण्यात पडताच उष्णता सोडतो.

प्रमाण: एक सपाट चमचा पूड, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, त्यात 5 मिली आरओ पाणी. दाट ताकासारखं व्हायला हवं. दह्यासारखं घट्ट झालं तर सुईतून उतरत नाही, पातळ झालं तर पाण्यात विरघळून जातं आणि भोकात काहीच राहत नाही. दर दोन मिनिटांनी ढवळा, पूड तळाला बसते. उरलेलं ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा खडू होतो.

मर्यादा महत्त्वाची. तुमच्या 170 लिटरला एका वेळी 2 मिलीपेक्षा जास्त नाही. या मिश्रणाचे 2 मिली म्हणजे साधारण 0.8 ग्रॅम चुना, त्याने केएच 0.3 ते 0.4 आणि पीएच 0.15 ते 0.2 ने वर जातो. एकाला 0.3 धरलं तर दिवसाला सहा-सात एप्टेशिया झाले. सगळे चाळीस एका सकाळी उरकायला गेलात तर 12 मिली पडतील, पीएच 9 च्या वर जाईल, कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच पांढरं होऊन उतरेल आणि केएच उलट कोसळेल. एक दिवसाआड करा, प्रत्येक वेळेच्या आधी पीएच बघा, 8.4 च्या वर असेल तर त्या दिवशी थांबा. ज्या दिवशी टोचाल त्या दिवशी केएचचा रोजचा डोस तेवढा कमी करा.

हा चुना पाण्यात पीएच 12 च्या वर असतो, कातडी आणि डोळा दोन्ही जाळतो. गॉगल आणि हातमोजे घालूनच. सुई चोंदली तर तोंडाकडे धरून दाबू नका, बदला. वापरलेल्या सुया टोपण लावून कडक डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.

व्हिनेगर किंवा लिंबू टोचायचा सल्लाही मिळेल. मरतात काही, पण व्हिनेगर पाण्यातल्या जिवाणूंचं खाद्य आहे. चाळीसांना टोचलं की दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि प्राणवायू घटतो.

सातेरी_रीफ

फोटोतली ती कोळंबी पेपरमिंट नाही. कुबड, मोठे डोळे, लालवर पांढऱ्या रेघा-ठिपके म्हणजे कॅमल कोळंबी, ऱ्हिंकोसिनेटिस. ती एप्टेशियाकडे बघतही नाही म्हटलं तरी चालेल, आणि झोआ, मशरूम, लेदर मात्र खुडते. पेपरमिंट म्हणजे लिस्माटा: अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर बारीक लाल उभ्या-आडव्या रेषा, कुबड नाही, पांढरे ठिपके नाहीत. पिशवीत घेताना बाजूने बघा, कुबड दिसलं की परत करा.

170 लिटरला तीन किंवा चार. कोळंबीला क्षारतेतला फरक सोसत नाही, म्हणून थेंबथेंब पद्धतीने दीड-दोन तास सवय करून सोडा, संध्याकाळी दिवे गेल्यावर. मग माशांचं खाणं निम्मं करा. भरल्या पोटी पेपरमिंट शिकार करत नाही, आणि “कोळंबी निकामी” म्हणून तक्रार येते तिथे बहुधा रोज गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाणं) पडत असतं. दोन आठवड्यांत लहान एप्टेशिया कमी झालेले दिसायला हवेत. ते संपल्यावर तीच कोळंबी झोआंना त्रास देऊ शकते, तेव्हा तिला थोडं खाणं द्यायचं.

बर्गिया उत्तम प्राणी आहे, एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही. पण तुमच्या टँकमध्ये सिक्सलाइन रास आहे, तो तिला टिपून खाईल. पेपरमिंटही खाते. म्हणजे दोन्ही एकत्र मागवणं म्हणजे महाग खाद्य मागवणं. आणि तिचं काम हळू चालतं: पांढऱ्या वळणदार फितीसारखी अंडी घालते, ती फुटायला जवळपास दोन आठवडे, पुढची पिढी मोठी व्हायला आणखी, मग संख्या वाढते आणि मग एप्टेशिया संपतात. सुई वापरायची असेल तर बर्गिया नको, तिचं जेवण तुम्हीच मारताय. तुमच्या बाबतीत सुई अधिक पेपरमिंट.

कॉपरबँड बटरफ्लाय मासा सुचवला जाईल. 36 इंचांचा टँक त्याला अपुरा, आणि तो नुसत्या तयार खाण्यावर येताना फार मरतो. त्या वाटेला जाऊ नका.

डिचोली_मरीन

जीएसपीवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

ती जांभळी साल हाच खरा प्राणी समजा, हिरवे तारे ही फक्त तोंडं. म्हणून तारे खुडून उपयोग नाही, साल निघायला हवी. आणि ती निघते, चांगली निघते, हे जीएसपीचं एकमेव सुख.

दगड हलवता येत असेल तर टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घ्या. सालीची कड नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने उचला आणि फणसाच्या सालीवरचा पापुद्रा सोलतात तसं, दगडाच्या पृष्ठभागाला समांतर, हळू ओढा. सरळ वर ओढलं की तुटते. खड्ड्यांत राहिलेले जांभळे ठिपके दंतवैद्याच्या टोकदार हुकाने खरवडा. तीळभर तुकडा राहिला तरी पुन्हा पसरते. दगड परत ठेवण्याआधी ताज्या मिठाच्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत हलवून धुवा, पहिल्या बादलीचं पाणी टँकमध्ये ओतू नका, त्यात तुकडे तरंगत असतात.

दगड हलवता येत नसेल तर पंप बंद, एका हाताने सोलायचं आणि दुसऱ्या हाताने सायफनची नळी तिथेच धरायची. तुकडा पाण्यात सुटला तर तो वेव्हमेकरमागे जाऊन तिथे वसाहत करतो.

कामानंतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, तुमच्या पाण्याला एक मोठा पेला, धुऊन जाळीच्या पिशवीत, पाणी आरपार जाईल अशा जागी. आठवड्याने बदला. लेदर आणि जीएसपी जखमी झाले की पाण्यात रसायनं सोडतात, बाकीची कोरल त्याने मिटतात.

थोडा जीएसपी ठेवायचाच असेल तर त्याला वाळूवर स्वतंत्र दगड द्या, चहूबाजूंनी किमान 5 सेंटिमीटर मोकळी वाळू. वाळू ओलांडायला त्याला वेळ लागतो, पण दुसऱ्या दगडाचा कोपरा टेकलेला असेल तर पूल मिळाला. महिन्यातून एकदा कडा बघून ब्लेडने कापत जा. मागच्या काचेवर लावला तर सुंदर दिसतो आणि काचेवरून ब्लेडने सोलणं सर्वांत सोपं.

फेनबेंडाझोल, कुत्र्यांचं जंतांचं औषध, टँकमध्ये टाका म्हणजे जीएसपी जाईल असंही वाचायला मिळेल. जातो. त्याबरोबर झेनिया कोरल, गोगलगायी, पंखकिडे, तारामासेही जातात, औषध दगडांत मुरतं आणि नंतर कित्येक महिने ते प्राणी तगत नाहीत. चालू टँकमध्ये कदापि नको.

मांडवीकाठ

आता बटणांचं.

सगळ्यांत सुरक्षित वाट: तो दगडच टँकमधून कायमचा काढणे. एक दगड गेल्याने 170 लिटरचा टँक कोसळत नाही. त्याच्यावरचे जिवाणू हळूहळू बाकीच्या दगडांवर भरून निघतात. दोन आठवडे खाणं कमी, अमोनिया एक दिवसाआड तपासायचा.

तयारी: नायट्राइलचे हातमोजे दोन थर, पूर्ण बंद गॉगल, एन95, लांब बाह्या. हातावर कापलेलं असेल तर त्या दिवशी काम नको. जागा बाल्कनी किंवा अंगण, स्वयंपाकघर नाही. मुलं आणि जनावरं आत. बादल्या, हातोडी, छिन्नी यापुढे याच कामासाठी, खूण करून ठेवा.

बादली आधी टँकमध्येच बुडवून दगड पाण्याखालीच तिच्यात घ्या, म्हणजे हवेत न येता तो बाहेर येतो. पाण्यातून वर उचलला की बटणं मिटतात आणि पाण्याची बारीक चिळकांडी मारतात, डोळ्यांना इजा बहुधा तिथेच होते.

दगडाचा फक्त एक कोपरा व्यापला असेल तर पॉलिपला हात न लावता दोन सेंटिमीटर मागून दगडच फोडायचा, दगड ओला आणि वर ओलं फडकं ठेवून, म्हणजे कण उडत नाहीत. पॉलिप कापायचा नाही, सोलायचा नाही. जीएसपीची सोलायची रीत इथे वापरू नका, म्हणूनच हे वेगळं लिहितोय.

काढलेला तुकडा ब्लीचमध्ये. घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी नऊ भाग. किमान 30 मिनिटं, मी म्हणेन रात्रभर. जाड सालीत ब्लीच आत शिरायला वेळ घेतं. ज्या बादलीत दगड आणला तिच्या पाण्यातही ब्लीच घालून अर्ध्या तासाने ओता. हत्यारं, हातमोजे त्याच पाण्यात बुडवा. ब्लीचजवळ व्हिनेगर, लिंबू किंवा फरशीचं अ‍ॅसिड येऊ देऊ नका, क्लोरीन वायू होतो, आणि एप्टेशियासाठी व्हिनेगर काढून ठेवलेली माणसं याच दिवशी दोन्ही वापरतात. टँकमध्ये ताजा कार्बन त्या दिवशी लावायचाच.

रीफ_फोंडा

एक भर. ब्लीच केलेला दगड परत वापरायचा असेल तर तो लगेच नको. गोड्या पाण्यात धुवा, सोडियम थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं) घातलेल्या पाण्यात एक दिवस, मग वाळवा. पावसाळ्यात बाहेर वाळत नाही, घरात पंख्याखाली दहा दिवस धरा, क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत. भोकांतलं मेलेलं सगळं नंतर कुजून फॉस्फेट सोडतं, म्हणून वेगळ्या बादलीत मिठाच्या पाण्यात छोटा पंप लावून तीन-चार आठवडे ठेवा आणि अमोनिया शून्य आल्यावरच टँकमध्ये. त्यापेक्षा नवा कोरडा दगड स्वस्त पडतो, हे माझं मत.

आणि नवा दगड म्हणून हणजूण किंवा वागातोरच्या खडकांवरून उचलून आणू नका. भरतीरेषेतल्या तशा खडकांवर झोआंथिड असतात, म्हणजे हीच कटकट पुन्हा घरात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हार्ड कोरल पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि खडकाला चिकटलेला इवलासा कोरलही त्यात मोजला जातो.

बुडवण्या-धुण्याला समुद्राचं पाणीही आता नको. जून ते सप्टेंबर मांडवी आणि झुआरी इतकं गोडं आणि गढूळ पाणी सोडतात की मिरामारजवळ क्षारता 35 च्या कितीतरी खाली असते. मीठ घालून आरओचंच.

केएच_वास्को

तुमचे नायट्रेट 25 आणि फॉस्फेट 0.18 हेच या पॉलिपांचं खत. जे उरलं-सुरलं मरणार नाही ते याच वेगाने परत वाढेल. दर आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदला, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) थोडा ओला, म्हणजे पातळ फेस येईल असा चालवा, गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन द्या. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.05 च्या आसपास. महिना-दीड महिना घ्या, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) ठासून भरून आठवड्यात खाली ओढू नका. शून्यावरही नेऊ नका. एप्टेशियाच्या अंगात शैवाल आहे, तो प्रकाशावर तग धरतो, आणि रिकाम्या पाण्यात तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट उगवतात, ते एप्टेशियापेक्षा वाईट.

खारंपाणी_पर्वरी

असा क्रम लावतोय, चूक असेल तर सांगा. या रविवारी मधला दगड बादलीत काढून बाहेर ब्लीच, परत ठेवणार नाही. त्याच दिवशी कार्बन. पुढच्या आठवड्यात जीएसपीचे दोन दगड सोलणे. त्यानंतर एक दिवसाआड सकाळी चुना, मोठ्यांपासून. शेवटी पेपरमिंट तीन.

सातेरी_रीफ

क्रम बरोबर, एक बदल. पेपरमिंट शेवटी नको, चुन्याच्या दुसऱ्या आठवड्यातच सोडा. मोठे मरताना मागे राहिलेले कण त्या वेळी तीळभर असतात, कोळंबीला तेच झेपतात. महिन्याने सोडलीत तर तेही मोठे झालेले असतील. टोचण्याच्या दिवशी कोळंबी तिथे घुटमळत असेल तर आधी दुसऱ्या कोपऱ्यात एक दाणा टाकून तिला तिकडे न्या, चुना तिच्या कल्ल्यांनाही लागतो.

डिचोली_मरीन

आणि जीएसपी सोलण्याआधी त्या दोन दगडांची मागची बाजू टॉर्चने बघून घ्या, दिवे गेल्यावर तासाभराने. बटणं तिथेही पसरलेली असतील तर ते दगड सोलायचे नाहीत, मांडवीकाठने सांगितल्या रीतीने जायचे. बटण मिटलेलं असताना ते वाळूच्या खड्यासारखं दिसतं. आजूबाजूला गुळगुळीत जाड साल आहे का, त्यावरून ओळखा.